गाणं किती ‘अंगावर येतं’ हे आधीच कसं ओळखायचं? (आवाज सहन न होणाऱ्या मुलांसाठी यादी करतेय)

संगीतवर्ग_मेधा

विशेष मुलांच्या शाळेत संगीताच्या तासासाठी गाण्यांची यादी करायची आहे. मुलं ६ ते १२ वयाची, बरीचशी स्वमग्न, काहींना मोठा किंवा अचानक आवाज अजिबात सहन होत नाही. प्रत्येक गाण्यासमोर सौम्य, मध्यम, तीव्र असा शेरा हवा आहे, म्हणजे एखाद्या दिवशी दुसऱ्या बाईंनी तास घेतला तरी त्यांना यादी बघून गाणं लावता येईल.

शेरा कशावरून द्यायचा इथेच घोडं अडलंय. फोनवरचं डेसिबल ॲप भावगीतालाही ६५ दाखवतं आणि आरतीलाही ६५. भावगीत सगळे ऐकतात, आरतीला निम्मी मुलं कान झाकतात. एकाला ढोलकी आवडते, पण टाळ वाजले की तो वर्गाबाहेर जातो. स्ट्रीमिंगवाले गाण्याला ‘एनर्जी’ नावाचा आकडा देतात असं वाचलं, तो धरावा का? की नुसतं कानाने ऐकून ठरवावं? मोठ्यांच्या कानावर माझा फारसा विश्वास नाही, कारण आपल्याला सवय झालेली असते.

फेडरवर_बोट

मेधाताई, ‘एनर्जी’चा आकडा यासाठी नको. स्पॉटिफायचा तो आकडा ० ते १ मध्ये असतो आणि अख्ख्या गाण्याला मिळून एकच असतो. तीन मिनिटं शांत आणि शेवटची वीस सेकंद झांजांचा कल्लोळ, असं गाणं त्यात सौम्य ठरू शकतं. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून नव्या ॲपना ही माहिती मिळणं त्यांनी बंद केलं आहे.

तुमचं ॲप दोन्हींना ६५ का दाखवतं, तर ते सरासरी दाखवतं. कान दचकतो तो सरासरीला नाही, उडीला. म्हणून गाणं तपासताना तीन आकडे घ्या. लाउडनेस मीटर मोफत मिळतात. युलीनच्या मीटरची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. त्यात ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे अख्ख्या गाण्याची पातळी, ‘शॉर्ट-टर्म’ म्हणजे चालू ३ सेकंदांची आणि ‘मोमेंटरी’ म्हणजे ४०० मिलिसेकंदांची. एकक एलयूएफएस, म्हणजे लाउडनेस मोजायचं माप. त्यातला १ चा फरक म्हणजे १ डेसिबल. शॉर्ट-टर्मचा सर्वांत मोठा आकडा अख्ख्या गाण्याच्या आकड्यापेक्षा किती वर जातो ते बघा. ३-४ ने वर असेल तर गाणं सपाट आहे. ८-१० ने वर असेल तर त्या जागी ते साधारण दुप्पट मोठं वाटणार, कारण १० डेसिबलची वाढ कानाला जवळपास दुप्पट भासते.

आता या मीटरची मर्यादा. झांजेचा एक आघात समजा २० मिलिसेकंदांचा आहे. मोमेंटरी मीटर तो ४०० मिलिसेकंदांवर पसरवून मोजतं, म्हणजे विसावा हिस्सा. आघाताच्या आजूबाजूला शांतता असेल तर मीटरवर तो खऱ्यापेक्षा सुमारे १३ डेसिबलने कमी दिसतो. मुलाच्या कानाला मात्र तो पूर्ण लागतो. आरतीला कान का झाकले जातात याचं बरंचसं उत्तर इथे आहे. त्यामुळे आकड्यांवर न थांबता ऑडॅसिटीत (ध्वनी संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर) गाणं उघडून लाटेचा आकार बघा. शांत पट्ट्यातून भाल्यासारखी रेघ वर आली असेल ती जागा मोठी करून पाहा. शून्यापासून टोकापर्यंत १० ते २० मिलिसेकंदांत पोचणारा आवाज दचकवतो. बासरी, सारंगी, गळ्यातला ‘आ’कार हे त्याहून सावकाश चढतात. टोकाची पातळी तीच असली तरी चढायला जितका कमी वेळ, तितकं दचकणं जास्त.

मग स्पेक्ट्रोग्राम लावा, म्हणजे कुठल्या पट्ट्यात कधी किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र. माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. तो पट्टा सतत भरलेला असेल तर गाणं टोचणार, मग मीटर काहीही म्हणो.

आणि एक गोष्ट नेहमी राहून जाते. ज्या स्पीकरवर वर्गात लावणार त्याच स्पीकरवर गाणं तपासा. लहान ब्लूटूथ स्पीकरला खर्ज जवळपास नसतो, सगळा जोर मधल्या आणि वरच्या पट्ट्यात. खर्ज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज फाटतो, आणि सौम्य गाणंही कर्कश होतं. त्या स्पीकरची चालू होतानाची ‘टिंग’ किंवा ‘कनेक्टेड’ची घोषणा गाण्यापेक्षा मोठी असते. मुलं वर्गात यायच्या आधी तो चालू करून ठेवा. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर, गाणी उतरवून घेतलेली, पुढचं गाणं आपोआप लागणं बंद. मध्येच आलेली जाहिरात हे यादीतलं सर्वांत तीव्र गाणं असतं.

ठेका_दादरा

वरच्या मोजमापाला माझी हरकत नाही, पण सगळ्यांना सॉफ्टवेअर जमेल असं नाही. संगीत शिकवणाऱ्याला कानाने बरंच पकडता येतं, फक्त कशाकडे कान द्यायचा ते ठरलेलं हवं.

आपल्या प्रकारांत धोक्याच्या जागा ठरलेल्या असतात. आरतीत झांज पहिल्या मात्रेपासून, कसलीही सूचना न देता. भजनात सुरुवात ठाय म्हणजे संथ लयीत, मग टाळांची घनता वाढते आणि शेवटी गजर दुगुनीत म्हणजे दुप्पट लयीत जातो. इथे आवाजापेक्षा लय चढण्याने मुलं अस्वस्थ होतात. पोवाड्यात शाहिराच्या ओळीनंतर झीलकरी ‘जी जी’ म्हणत एकदम अंगावर येतात, डफ-तुणतुण्यासकट. लावणीत ढोलकीची चाट (कडेवरचा आघात) कडक आणि उंच, घुंगरांची सतत किणकिण, आणि ध्वनिमुद्रणात प्रेक्षकांच्या शिट्ट्या मिसळलेल्या असतील तर त्या वेगळ्या मोजा. संबळ आणि हलगी कोरड्या, टणक. सनई मंगल खरी, पण तिचा नाद दाट आणि भेदक असतो. लहान खोलीत ती सौम्य धरू नका. सौम्य बाजूला बघायचं तर ओवी, अंगाई, पाळणा, एकट्या आवाजातलं भावगीत, संथ लयीतला अभंग. तरी तिथेही दोन गोष्टी तपासा: तार सप्तकातला ताणलेला स्वर, आणि कडव्यांच्या मधल्या म्युझिकमध्ये एकदम आलेला व्हायोलिनचा ताफा.

एकाला ढोलकी चालते पण टाळ नाही, यात विसंगती काही नाही. चामड्याचा आवाज लवकर विझतो आणि त्याचा बराच जोर खालच्या पट्ट्यात असतो. धातूचा आवाज वरच्या पट्ट्यात असतो आणि रेंगाळतो, त्यामुळे पुढचा आघात आधीच्या शेपटीवर पडतो. त्या मुलाच्या यादीत ‘ढोल-ढोलकी’ आणि ‘टाळ-झांज-घुंगरू’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. ‘तालवाद्यं’ असा एकच रकाना निरुपयोगी आहे.

माझी सूचना: पाच रकाने करा. अचानकपणा, कर्कशपणा, दाटी (एका वेळी किती थर वाजतायत), खालचा ठोका, लयीतला बदल. प्रत्येकाला ० ते ३. बेरीज १५ पैकी. ५ पर्यंत सौम्य, १० पर्यंत मध्यम, पुढे तीव्र.

फेडरवर_बोट

रकाने उत्तम. बेरीज मात्र नको. एका गाण्यात अचानकपणा ३ आणि बाकी सगळं ०, बेरीज ३, शेरा सौम्य. दुसऱ्यात पाचही ठिकाणी १, बेरीज ५, तेही सौम्य, पण पहिल्यापेक्षा ‘जास्त तीव्र’. प्रत्यक्षात पहिलं मुलाला वर्गाबाहेर काढेल आणि दुसरं तो ऐकून घेईल. पाच रकान्यांतला सर्वांत मोठा आकडा हाच गाण्याचा आकडा धरा आणि तो कुठल्या रकान्यातून आला ते शेजारी लिहा. सोबत वेळ. उदाहरणार्थ:

आरती, समूहस्वर, ३ मि. ४० से. तीव्रता ३ (अचानकपणा). ०:०० झांज थेट सुरू. २:५५ लय दुप्पट. ३:२० शंख. कर्कशपणा २, दाटी २, ठोका १.

एवढं लिहिलेलं असलं की दुसऱ्या बाई २:५० ला आवाज कमी करू शकतात, किंवा तिथेच गाणं थांबवू शकतात. नुसता ‘तीव्र’ शेरा वाचून त्या फक्त गाणं टाळतील.

श्रवण_आणि_वाचा

ऑडिओलॉजीच्या बाजूने काही भर घालते. आतापर्यंत बोलणं गाण्याबद्दल झालं. अर्धा भाग ऐकणाऱ्याचा असतो.

‘आवाज सहन होत नाही’ या एकाच वाक्यात निदान चार वेगळ्या गोष्टी येतात. हायपरॲक्युसिसमध्ये इतरांना सहज वाटणारी पातळीच त्रासदायक किंवा वेदनादायक वाटते. अशा मुलासाठी पातळी आणि अचानकपणा हे रकाने मुख्य. मिसोफोनियात ठरावीक आवाज असह्य होतात, ते हळू असले तरी. तिथे डेसिबल जवळपास निरर्थक, तो विशिष्ट आवाज गाण्यात आहे की नाही एवढंच बघायचं. तिसरी भीती: पूर्वी एखाद्या आवाजाने दचकलेलं मूल तो ‘येईल’ या कल्पनेनेच कान झाकतं. चौथी गोष्ट श्रवणदोषाची. आतल्या कानाच्या दोषात हळू आवाज ऐकूच येत नाहीत आणि मोठे एकदम फार मोठे लागतात. ऐकू येणं आणि सहन न होणं यांतलं अंतर अरुंद होतं. अशा मुलाला ‘हा तर ऐकतच नाही, मग कान का झाकतो’ असं म्हटलं जातं, आणि ते चूक आहे.

म्हणून यादी करण्याआधी ज्या मुलांची श्रवणचाचणी झालेली नाही त्यांची करून घ्या. सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात होते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही होते. मधल्या कानात पाणी, मळ, सर्दी यानेही आवाजाचा त्रास बदलतो. फक्त एका कानाला त्रास, कानात दुखणं, चक्कर, सतत गुणगुण, किंवा पूर्वी नसलेला त्रास अचानक सुरू होणं, यातलं काही असेल तर गाण्यांची यादी बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

वर्गात निरीक्षण करताना कान झाकण्याची वाट बघू नका, ती उशिराची खूण आहे. त्याआधी खांदे वर जातात, हालचाल एकदम थांबते किंवा एकदम वाढते, मूल स्वतः मोठ्याने हुंकार भरू लागतं. हा हुंकार म्हणजे गाण्यात भाग घेणं असेलच असं नाही. बाहेरचा आवाज झाकायचा तो एक मार्गही असतो. विनाकारण खिदळणं हीसुद्धा कधीकधी तीच खूण.

एकाच वेळच्या ऐकण्यावरून शेरा पक्का करू नका. वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा, आणि दर वेळी तास कितवा, झोप झाली होती का, सर्दी आहे का, आधी काय झालं (मधल्या सुट्टीचा गोंगाट?) हे एका ओळीत लिहा. शेवटच्या तासाला २ चं गाणं ३ सारखं लागतं. गाण्याचा आकडा तोच ठेवा. दिवसाचा आकडा वेगळा लिहा. दोन्ही एकत्र केले की महिन्याभराने वहीवरून काहीच कळत नाही.

मूल स्वतः डबा बडवतं आणि दुसऱ्याने टाळी वाजवली की रडतं, याचं कारण नियंत्रण. स्वतः केलेला आवाज कधी येणार हे त्याला माहीत असतं. त्याचा उपयोग करून घ्या. ‘थांबव’ असं चित्र असलेलं कार्ड मुलाच्या हातात, शक्य तिथे आवाजाचं बटणही त्याच्याच हातात. ‘आता तीन मोजल्यावर झांज’ अशी सूचना आधी दिली की तोच आघात बऱ्याच मुलांना निभावतो. कार्ड दाखवल्यावर मात्र गाणं त्याच क्षणी थांबलं पाहिजे. ‘एवढं कडवं होऊ दे’ म्हटलं की त्या कार्डाची किंमत गेली.

सवय व्हावी म्हणून जबरदस्तीने मोठ्याने ऐकवणं मला अजिबात मान्य नाही. त्याने भीती पक्की होते.

पातळीचं म्हणाल तर एक मीटर अंतरावरचं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. मुलाच्या कानापाशी ५५ ते ६० ने सुरुवात करा, ७० च्या वर या वर्गात जायचं कारण नाही.

संगीतवर्ग_मेधा

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच रकाने आणि सर्वांत मोठा आकडा हे ठरलं. दोन शंका.

एक, ३ आकड्याची गाणी कायमची बाद करावी लागतील का? आरती मुलांना घरीही ऐकावीच लागते, ती सुसह्य करता आली तर हवी आहे. दोन, स्नेहसंमेलन बंद सभागृहात आहे आणि पालकांपैकी काहींची ढोल-ताशाची तयारी चालू आहे. तिथे काय करू? हेडफोनसारखी कानझापं पुरतील का?

फेडरवर_बोट

पहिल्या शंकेबद्दल. गाणं बदलता येतं, पण क्रम पाळा. आधी ऑडॅसिटीतलं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापरून सगळी गाणी एका पातळीवर आणा, −२३ एलयूएफएस ठेवलंत तरी चालेल. हे एकट्याने पुरत नाही. ज्या गाण्यात चढउतार जास्त त्याची सरासरी इतरांसारखी केली तरी मोठी जागा तितकीच वर राहते. त्या जागा एन्व्हलप टूलने हाताने खाली ओढा, उडीच्या आधी दोन-तीन सेकंदांपासून उतार देत. आरतीची झांज पहिल्याच क्षणी असेल तर सुरुवातीला ३-४ सेकंदांचा फेड-इन (शून्यापासून हळूहळू चढणारा आवाज) द्या.

कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) सरसकट लावू नका. त्याचा अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंद असेल तर झांजेचा आघात आरपार निघून जातो आणि मागचं गाणं मात्र दबतं, म्हणजे नको ते राहतं आणि हवं ते जातं. वर ‘मेक-अप गेन’ (दाबल्यानंतर एकूण आवाज वाढवणं) चालू राहिला तर शांत जागाही फुगतात. आघातांसाठी लिमिटर बरा, तो ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊच देत नाही.

टोचणं कमी करायला ईक्यूमध्ये (पट्ट्यानुसार आवाज कमी-जास्त करायची सोय) २ ते ५ किलोहर्ट्झ ३ डेसिबलने खाली. त्याहून जास्त कापलं तर शब्द पुसट होतात, कारण व्यंजनांची स्पष्टता त्याच भागात असते. झांजेसाठी ६ किलोहर्ट्झच्या वर ४ ते ६ डेसिबल कापा. मूळ फाइल जपून ठेवा आणि बदललेल्या फाइलच्या नावातच नवा आकडा घाला, नाहीतर कुणीतरी मूळ आरती लावणार.

श्रवण_आणि_वाचा

कानझापांबद्दल. ती वरचे स्वर चांगले अडवतात, खालचे कमी. टाळ-झांजेला उपयोग होतो. ढोलाचा ठोका त्यातून येतोच, शिवाय तो छातीला, पायाखालच्या फळ्यांना जाणवतो. संमेलनाच्या दिवशी पहिल्यांदा चढवू नका. कानांवर दाब सहन होत नाही अशीही मुलं असतात, त्यामुळे आधी शांत तासात पाच-दहा मिनिटं घालून बघा. दिवसभर मात्र घालून ठेवायची नाहीत. सतत शांततेत ठेवलेला कान आणखी हळवा होतो.

ठेका_दादरा

बंद सभागृहात ढोल-ताशा नकोच, मेधाताई. ते वाद्य मिरवणुकीचं, मोकळ्या रस्त्याचं आहे. पालकांना पटांगणात, कार्यक्रम संपल्यावर वाजवू द्या, ज्यांना ऐकायचंय ते थांबतील आणि बाकीची मुलं तोवर घरी निघालेली असतील. आत लेझीम हवी असेल तर चकत्यांवर कापडी पट्टी गुंडाळून, आणि पखवाज किंवा तबला माइकशिवाय.

फेडरवर_बोट

सहमत. कारण सांगतो म्हणजे पालकांना पटवायला सोपं जाईल. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. फरशी आणि प्लास्टरच्या भिंतींच्या सभागृहात तसं होत नाही. थोड्या अंतरानंतर घुमणारा आवाज थेट आवाजापेक्षा मोठा होतो आणि मागची रांगही जवळपास तितकीच त्रासाची असते. ‘मुलांना मागे बसवू’ हा उपाय तिथे चालत नाही. दाराजवळ बसवा आणि शेजारची एक खोली शांत खोली म्हणून मोकळी ठेवा, मोठ्या माणसासकट.

ठोका मोजायचा तर ॲपमध्ये ए आणि सी अशी दोन वजनं असतात, म्हणजे कुठला पट्टा किती धरून मोजायचं याच्या दोन पद्धती. ६३ हर्ट्झला ए-वजन सुमारे २६ डेसिबल कापतं, सी-वजन एकसुद्धा नाही. त्यामुळे नेहमीच्या ए-मोजणीत ढोल दिसतच नाही. एकाच जागी दोन्ही घ्या. सीचा आकडा एच्या आकड्यापेक्षा १५ डेसिबल किंवा जास्त असेल तर ठोक्याचा रकाना ३ भरा. आयफोन असेल तर अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेचं मोफत ॲप दोन्ही वजनं देतं. अँड्रॉइडवरच्या ॲपचा खरा आकडा धरू नका, एकाच फोनवर दोन जागांची तुलना करण्यापुरतं वापरा.

संमेलनात सर्वांत जास्त मुलं बाहेर जातात ती गाण्यामुळे नाही, माइकच्या शिट्टीमुळे. बहुतेकदा ती नेमकी कान तिखट असतो त्या पट्ट्यात येते. माइक नेहमी स्पीकरच्या मागे, वापरात नसलेले माइक बंद, निवेदकाने माइक ओठांपासून चार बोटांवर धरायचा म्हणजे आवाज वाढवावा लागत नाही. ‘हॅलो, चेक’ आणि माइकवर टिचक्या सभागृह रिकामं असताना. पडदा उघडताना वाजणारी ध्वनिफीतही यादीत घाला, तिला कुणी गाणं समजत नाही म्हणून ती तपासली जात नाही.

श्रवण_आणि_वाचा

आणि टाळ्या. शे-दोनशे माणसांच्या टाळ्या म्हणजे अचानकपणा ३, कर्कशपणा ३, आणि त्या प्रत्येक गाण्यानंतर येतात. दोन्ही हात वर करून हलवायचे, कर्णबधिरांच्या कार्यक्रमात करतात तसे. निवेदकाने सुरुवातीलाच करून दाखवावं, आणि निमंत्रणपत्रिकेवरही छापा, कारण उशिरा आलेले पालक निवेदन चुकवतात.

संगीतवर्ग_मेधा

पत्रिका अजून छपाईला गेलेली नाही, ओळ आजच घालते. ‘थांबव’चं कार्ड मुलांनी प्रेक्षकांत बसूनही दाखवलं तर ते कुणी बघायचं?

श्रवण_आणि_वाचा

प्रत्येक रांगेच्या टोकाला एक मोठं माणूस, तोंड मुलांकडे, पाठ रंगमंचाकडे. कार्ड दिसलं की तेवढ्या मुलाला हात देऊन शांत खोलीत न्यायचं. कार्यक्रम चालू राहू दे. वर्गातला ‘त्याच क्षणी थांबा’ नियम इथे लागू नाही, आणि हे मुलांना आदल्या दिवशी त्या रिकाम्या सभागृहात नेऊन, दार आणि खोली दाखवून सांगा.